घरच्या गॅरेजात १९६७ ची जुनी मस्टँग दुरुस्त करून नव्याने उभी करताना: पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

ऑगस्टमधल्या तिसऱ्या शनिवारी अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, डेट्रॉइटच्या वुडवर्ड ॲव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची रीघ लागते. १९९५ साली सुरू झालेली ही वुडवर्ड ड्रीम क्रूझ. फर्न्डेलपासून पॉन्टियाकपर्यंत लोक रस्त्याकडेला घडीच्या खुर्च्या टाकून दिवसभर बसतात. कॅन्टन, नोव्हाय, ट्रॉय या गावांतले आपले कितीतरी मराठी लोक गाड्यांच्या कंपन्यांत इंजिनिअर आहेत, तेही पोराबाळांना घेऊन येतात. माझ्या गाडीपाशी थांबून त्यांच्यातलं कुणीतरी दर वर्षी विचारतंच, "अशी एखादी घरी करता येईल का हो?"

येते. मी चार हिवाळे घालवून केली आहे. मी मूळचा कोल्हापूरचा. उद्यमनगरातल्या काकांच्या लेथच्या दुकानात सुट्ट्या काढल्या, त्यामुळे हत्याराची भीती नव्हती. पण पत्र्याचं वेल्डिंग, ब्रेकच्या नळ्या, इथली कागदपत्रं यातलं काहीच माहीत नव्हतं. ज्या ज्या ठिकाणी मी अडलो ती ठिकाणं तुम्हाला आधीच दाखवावीत म्हणून हे लिहितो आहे.

माझी गाडी १९६७ ची फोर्ड मस्टँग, दोन दारांची हार्डटॉप (पक्क्या छताची), २८९ क्युबिक इंचांच्या व्ही-८ इंजिनाची. बरेच जण मस्टँगला मसल कार म्हणतात, पण काटेकोर बोलणारे तिला पोनी कार, म्हणजे लहान आकाराची स्पोर्टी गाडी, म्हणतात. त्यांच्या हिशोबाने मसल कार म्हणजे १९६४ च्या पॉन्टियाक जीटीओसारखी, मध्यम आकाराच्या गाडीत ३८९ क्युबिक इंचांचं मोठं इंजिन बसवलेली. वाद खरा आहे, पण पहिल्या गाडीसाठी माझा सल्ला मस्टँगच. १९६७ सालच्या साधारण ४ लाख ७२ हजार मस्टँग बनल्या. त्यामुळे तिचा जवळजवळ प्रत्येक भाग, अगदी पत्र्याच्या फ्लोअरपासून दाराच्या रबरापर्यंत, आज नवा बनवून मिळतो. जीटीओ किंवा प्लिमथच्या एखाद्या मॉडेलचा एक भाग शोधण्यात जितके महिने जातील, तितक्यात मस्टँगचे ब्रेक करून होतात.

एक गोष्ट सगळ्यांत आधी सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. गाडी एकदम सगळी खोलू नका. अर्धवट सोडलेल्या जितक्या गाड्या मी विकायला आलेल्या पाहिल्या, त्या बहुतेक सगळ्या खोक्यांत भरलेल्या होत्या. गाडी स्वतःच्या चाकांवर, स्वतःच्या इंजिनावर हलत राहिली तर माणूस टिकतो. मी एका हिवाळ्याला एकच काम धरलं आणि एप्रिलमध्ये गाडी गॅरेजबाहेर काढलीच. पहिल्या हिवाळ्यात ब्रेक, सस्पेन्शन आणि पेट्रोलची टाकी. दुसऱ्यात पत्रा, तिसऱ्यात इंजिन आणि वायरिंग, चौथ्यात रंग आणि आतलं काम. खालच्या पायऱ्याही त्याच क्रमाने आहेत.

१. गाडी बघायला जाताना

रंगाकडे बघू नका, गंजाकडे बघा. इंजिन बिघडलं तर बदलता येतं, सीट नव्या शिवता येतात. कुजलेला सांगाडा मात्र पैसे आणि वर्षं दोन्ही खातो. या गाडीला वेगळी चॅसी नाही, वाकवून जोडलेला पत्रा हाच तिचा सांगाडा. मिशिगनमध्ये हिवाळाभर रस्त्यावर मीठ पडतं आणि ते खालून चरत जातं. कॅलिफोर्निया, ॲरिझोना इकडून आलेली गाडी महाग पडली तरी शेवटी स्वस्तात जाते.

सोबत न्या: चांगला टॉर्च, लोहचुंबक, जुना स्क्रू ड्रायव्हर, अंगाखाली घालायला पुठ्ठा, पाण्याचे दोन मोठे कॅन. बघायच्या जागा अशा:

- काऊल. विंडशील्डच्या पुढे, बॉनेटच्या मागे ज्या जाळीदार फटी असतात त्यांच्या खालची पेटी. या गाड्यांचा सगळ्यांत मोठा दोष इथे लपलेला असतो. त्याबद्दल खाली सविस्तर लिहिलं आहे.
- पायाखालचा फ्लोअर, आतून आणि खालून. आतलं कार्पेट उचलू देत नसतील तर तिथूनच परत फिरा.
- पुढच्या दोन्ही फ्रेम रेल, म्हणजे पत्र्याच्या लांब पोकळ तुळया, आणि त्या फ्लोअरला मिळतात तिथल्या पेट्या, म्हणजे टॉर्क बॉक्स. स्क्रू ड्रायव्हर टेकवून दाबा. चांगला पत्रा टणक लागतो.
- शॉक टॉवर, म्हणजे इंजिनाच्या दोन्ही बाजूंचे उभे खांब. तिथे भेगा किंवा जुनं ओबडधोबड वेल्डिंग आहे का बघा.
- बॅटरीखालचा पत्रा. ॲसिड सांडून तो खाल्लेला असतो.
- मागच्या चाकांवरचे आणि मागचे पत्रे. इथे चुंबक फिरवा. तो चिकटला नाही तर आत लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली आहे.

मायलेजच्या आकड्याला भुलू नका. त्या काळच्या मीटरला मैलांचे पाचच आकडे असत. ४३,००० दिसतात ते १,४३,००० असू शकतात, किंवा २,४३,०००.

माझ्या गाडीत फ्लोअर वरून छान काळा दिसत होता. घरी आणल्यावर कळलं की जुन्या पत्र्यावर नवा पत्रा रिव्हेट मारून बसवला होता आणि वर डांबर फासलं होतं. पुठ्ठ्यावर झोपून गाडीखाली गेलो असतो तर पाच मिनिटांत दिसलं असतं. तुम्ही नक्की जा.

२. कागद

पैसे देण्याआधी टायटल, म्हणजे गाडीच्या मालकीचा कागद, हातात घेऊन वाचा. तीन गोष्टी जुळायला हव्यात. विकणाऱ्याचं नाव टायटलवरच्या नावाशी, टायटलवरचा व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) गाडीवर ठोकलेल्या व्हीआयएनशी, आणि कर्जाची नोंद असेल तर ती फेडल्याचं पत्र. "टायटल हरवलंय, पण बिल ऑफ सेल (विक्रीची पावती) देतो" असं कुणी म्हणालं तर त्याला आधी स्वतःच्या नावाने डुप्लिकेट काढू द्या, मगच पैसे द्या. दुसरा सापळा म्हणजे मधल्या माणसाने गाडी कधी स्वतःच्या नावावर केलेलीच नसते. टायटलवर जुन्याच मालकाची सही असते आणि तुमच्यासमोर उभा असलेला माणूस कागदावर कुठेच नसतो. असा व्यवहार करू नका.

१९६७ च्या मस्टँगवर व्हीआयएन पुढच्या डाव्या फेंडरखालच्या (चाकावरच्या बाहेरच्या पत्र्याखालच्या) आतल्या पत्र्यावर, ॲप्रनवर, ठोकलेला असतो. बॉनेट उघडून फेंडरच्या खाचेतून तो दिसतो. वाचायला सोपा आहे. पहिला ७ म्हणजे १९६७. मग कारखान्याचं अक्षर: एफ म्हणजे डिअरबॉर्न, आर म्हणजे सॅन होजे, टी म्हणजे मेटचन. ०१ म्हणजे हार्डटॉप, ०२ फास्टबॅक (मागे उतरत्या छताची), ०३ कन्व्हर्टिबल (उघडणाऱ्या छताची). त्यानंतरचं अक्षर इंजिनाचं: सी म्हणजे दोन बॅरलच्या (हवा आत घेणाऱ्या दोन नळ्यांच्या) कार्ब्युरेटरचं २८९, ए म्हणजे चार बॅरलचं, एस म्हणजे ३९० क्युबिक इंचांचं मोठं इंजिन. कुणी एस अक्षर नसलेली गाडी ३९० जीटी म्हणून विकत असेल तर ते इंजिन नंतर बसवलेलं आहे.

१९६७ पासूनच्या फोर्ड गाड्यांचा एक मोठा फायदा आहे. केव्हिन मार्टी यांच्याकडे फोर्डच्या उत्पादनाची मूळ नोंद आहे. व्हीआयएन दिला की ते मार्टी रिपोर्ट देतात: गाडी कोणत्या रंगात, कोणत्या गिअरबॉक्सने, कोणत्या जोडवस्तूंसह कारखान्याबाहेर पडली. १९६५-६६ च्या गाड्यांना ही सोय नाही. गाडी विकत घेण्याआधीच हा रिपोर्ट मागवा.

व्हीआयएन असलेला पत्रा कधीही कापू नका, दुसऱ्या गाडीवरून आणून जोडू नका. तो ॲप्रन गंजला असेल तर आजूबाजूचा भाग बदला आणि आकडे आहेत तो तुकडा जागेवर राहू द्या. व्हीआयएनशी छेडछाड हा अमेरिकेत गुन्हा आहे.

मिशिगनमध्ये हे काम सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या कार्यालयात होतं. खरेदीनंतर १५ दिवसांत टायटल नावावर करून घ्यायचं, ६ टक्के कर भरायचा. गाडी बंद असली तरी हे लगेच करा. चार वर्षांनी विकणारा माणूस सापडत नाही.

३. जागा आणि हत्यारं

आधी तुमच्या सबडिव्हिजनच्या, म्हणजे घरांच्या वसाहतीच्या, असोसिएशनचे नियम वाचा. बंद पडलेली गाडी ड्राइव्हवेवर ठेवायला बऱ्याच ठिकाणी मनाई असते. दोन गाड्यांचं गॅरेज असेल तर एक गाडी चार वर्षं बाहेर बर्फात राहील. हे घरच्यांशी आधी बोलून घ्या.

आपल्याकडचे मिलिमीटरचे पाने इथे चालत नाहीत. सगळे नट-बोल्ट इंची आहेत. ७/१६, १/२, ९/१६ आणि ३/४ हे पाने दिवसातून शंभरदा लागतात. मिलिमीटरचा जवळपासचा पाना घालून जोर लावलात तर नटाचे कोपरे झिजतात आणि मग छिन्नी घ्यावी लागते.

सुरुवातीला लागतं ते: फ्लोअर जॅक, चार जॅक स्टँड, सॉकेटचा इंची संच, टॉर्क रेंच, मल्टीमीटर, फीलर गेज, टायमिंग लाइट, दोन अग्निशामक, चांगले चष्मे आणि मास्क. वेल्डिंग मशिन आणि कॉम्प्रेसर दुसऱ्या हिवाळ्यात घ्या. इंजिन उचलायचा हॉइस्ट भाड्याने मिळतो, तो विकत घेऊ नका. इंजिन ठेवायचा स्टँड मात्र घ्याच, कारण इंजिन त्यावर महिनोन्‌महिने राहतं.

नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कधी, अगदी एका मिनिटासाठीही, जाऊ नका. आधी स्टँड लावा, मग गाडीला दोन्ही हातांनी जोराने हलवून बघा, मगच खाली सरका.

भाग मागवताना एक चूक आपल्या लोकांकडून हमखास होते. कॅटलॉगमध्ये डावी-उजवी बाजू सीटवर बसून पुढे बघताना धरतात. भारतात ड्रायव्हर उजवीकडे बसतो, ते डोक्यात इतकं पक्कं असतं की "ड्रायव्हरच्या बाजूचा" म्हणताना आपण उजवा मागवतो. मी एक आख्खा फेंडर चुकीच्या बाजूचा मागवला होता. गॅरेजच्या भिंतीवर डावे, उजवे असे दोन मोठे कागद चिकटवा. कॅन्टनमध्येच नॅशनल पार्ट्स डेपोचं मोठं गोदाम आहे. जड वस्तू स्वतः जाऊन, जुना भाग शेजारी धरून आणल्या तर परत पाठवायचा खर्च वाचतो.

४. खोलताना

प्रत्येक भाग काढण्याआधी फोटो, काढताना फोटो, काढल्यावर झिपच्या पिशवीत बोल्टांसकट. पिशवीवर काय, कुठलं, कुठल्या बाजूचं आणि तारीख. माझ्या मुलीने हे काम घेतलं होतं. तिच्या अक्षरातली "पुढचं दार, उजवं, वरची बिजागरी" अशी मराठी चिठ्ठी चार वर्षांनी बघून पाच मिनिटांत बिजागरी बसली. नवा भाग बसून नीट चालेपर्यंत जुना फेकू नका. नवा बनवलेला भाग अनेकदा थोडा वेगळा निघतो आणि मोजायला जुनाच लागतो.

अडकलेल्या बोल्टावर आदल्या रात्री गंज सैल करणारं तेल सोडा, सकाळी तापवा, मग सोडवा. घाईत तोडलेला एक बोल्ट पुढचा सगळा रविवार घेतो.

५. पहिला हिवाळा: ब्रेक, सस्पेन्शन, टाकी

गाडी थांबली पाहिजे, मग ती चालली पाहिजे. ब्रेकचं रबराचं आणि नळ्यांचं सगळं सामान बदला: मास्टर सिलिंडर, व्हील सिलिंडर, रबरी होज, पोलादी नळ्या. बाहेरून चांगल्या दिसणाऱ्या नळ्या आतून गंजलेल्या असतात. १९६७ च्या मस्टँगचा मास्टर सिलिंडर दोन कप्प्यांचा आहे. पुढचा भाग गळला तरी मागचे ब्रेक लागतात. १९६६ ची गाडी असेल तर एकच कप्पा मिळेल, तो बदलून दोन कप्प्यांचा बसवाच.

नळ्यांसाठी कॉपर-निकेलची नळी घ्या, ती हाताने वळते आणि गंजत नाही. टोकाला दुहेरी फ्लेअर करायचा, म्हणजे नळीचं तोंड पसरवून दुमडायचं. दोन नळ्या जोडायला नळकामातलं कॉम्प्रेशन फिटिंग ब्रेकमध्ये कधीही वापरू नका, दाब आला की ते सुटतं.

जुन्या ब्रेक शूंमध्ये ॲस्बेस्टॉस असतं. ड्रम उघडल्यावर आतली धूळ हवेने उडवू नका, घरचा व्हॅक्यूमही लावू नका. पाण्याने भिजवा, ओल्या फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बंद करा. मुलं त्या दिवशी गॅरेजात नकोत.

पुढची स्प्रिंग हे सगळ्यांत धोक्याचं काम. या गाडीत ती वरच्या कंट्रोल आर्मवर, शॉक टॉवरच्या आत दाबून बसवलेली असते. शॉक ॲब्सॉर्बर काढून टॉवरच्या वरून आत जाणारा स्प्रिंग कॉम्प्रेसरच वापरा. बाहेरून हुक लावायचे कॉम्प्रेसर इथे चालत नाहीत. ते हत्यार नसेल किंवा मनात शंका असेल तर हे एक काम गॅरेजला द्या. त्यात कमीपणा नाही.

पेट्रोलची टाकी मागच्या डिकीच्या तळाशी असते आणि तिचा वरचा पत्रा हाच डिकीचा तळ. जुनी टाकी धुऊन वापरायच्या फंदात पडू नका, नवी परवडते. रबरी होज ३०आर९ दर्जाचे घ्या. हल्लीच्या पेट्रोलमधलं इथेनॉल जुन्या रबराला भेगा पाडतं आणि गरम इंजिनावर पेट्रोल गळलं की आग लागते.

६. दुसरा हिवाळा: पत्रा

इथे सगळ्यांत जास्त वेळ द्या. माझे नोव्हेंबर ते एप्रिल यातच गेले.

आधी काऊलबद्दल. विंडशील्डखालच्या फटींतून पावसाचं पाणी आत जातं आणि बाजूंनी खाली निघून जावं अशी रचना आहे. आत हवा येण्यासाठी दोन भोकं आहेत, आणि पाणी गाडीत येऊ नये म्हणून त्यांच्याभोवती पत्र्याच्या उभ्या कडा. झाडाची पानं आत साचतात, ओली राहतात, आणि त्या कडा तळाशी कुजतात. मग पाणी सरळ तुमच्या पायावर, तिथून फ्लोअरवर. म्हणजे फ्लोअर गंजण्याचं कारण वर आहे. काऊल दुरुस्त न करता नवा फ्लोअर घातलात तर तोही कुजणार.

तपासायचं असं. एकाला टॉर्च घेऊन डॅशबोर्डखाली बसवा. दुसऱ्याने फटींवर एकेका बाजूने पाणी ओतायचं. गाडी बघायला जाताना पाण्याचे कॅन न्यायला सांगितलं ते यासाठीच. आतून थेंब पडला तर काऊल उघडावा लागेल. वरचा पत्रा स्पॉट वेल्डने बसवलेला असतो. एकेक ठिपका शोधून स्पॉट वेल्ड कटरने सोडवायचा, खालचा भाग बदलायचा, सील करायचा, वरचा पत्रा परत जोडायचा. कंटाळवाणं काम आहे. त्या भोकांवर प्लॅस्टिकची टोपी आणि सीलर लावून भागवणारे आहेत, पण गंज आतून चालूच राहतो. मी उघडला आणि तुम्हीही उघडा असंच सांगेन.

फ्लोअर कापण्याआधी दोन्ही दारांच्या चौकटींत आडवे पाइप वेल्ड करून बांधून घ्या. सांगाडा पत्र्याचा असल्यामुळे फ्लोअर निघाला की गाडी मधून झुकते आणि मग दारं बसत नाहीत. दारं लावलेलीच ठेवा आणि त्यांच्या कडेची फट रोज मोजा. एका वेळी एकच बाजू कापा. आधी फ्रेम रेल आणि टॉर्क बॉक्स, मग फ्लोअर.

पत्रा जेमतेम एक मिलिमीटरच्या आतबाहेरचा. मिग मशिनमध्ये (तार आपोआप पुढे सोडणाऱ्या वेल्डिंग मशिनमध्ये) ०.०२३ इंचाची तार आणि आर्गॉन-कार्बन डायऑक्साइडचा गॅस. सलग ओढायचं नाही. एक टाका इथे, दुसरा हातभर लांब, पत्रा गार होऊ द्यायचा, मग मधल्या जागा भरायच्या. घाई केली की पत्रा फुगतो आणि तो परत सपाट होत नाही. आधी भंगाराच्या पत्र्यावर निदान दोन आठवडे हात बसवा.

तीन सूचना तोंडपाठ करा. वेल्डिंगआधी बॅटरी आणि टाकी गाडीबाहेर. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनरने पुसलेल्या पत्र्यावर वेल्डिंग नाही, कारण त्यातून फॉस्जीन हा जीवघेणा वायू तयार होतो. आणि काम संपल्यावर अर्धा तास गॅरेजात बसून राहा. जुन्या डांबरात आणि कापडात आग धुमसत राहते, दिसत नाही.

७. तिसरा हिवाळा: इंजिन

२८९ हे समजायला सोपं इंजिन आहे. बोअर (सिलिंडरचा व्यास) ४ इंच, स्ट्रोक (पिस्टनची चाल) २.८७ इंच, फायरिंग ऑर्डर (सिलिंडरांत ठिणगी पडण्याचा क्रम) १-५-४-२-६-३-७-८. सिलिंडरांचे क्रमांक प्रवाशाच्या बाजूला पुढून मागे १ ते ४, ड्रायव्हरच्या बाजूला ५ ते ८. दोन बॅरलच्या इंजिनाची कारखान्याने सांगितलेली ताकद २०० अश्वशक्ती. तो आकडा त्या काळच्या पद्धतीने, सुटं इंजिन मोजून दिलेला आहे, तेव्हा आजच्या गाडीशी त्याची तुलना करू नका.

इंजिन खोलायलाच हवं असं नाही. आधी आठही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजा. सगळ्यांत कमी आकडा सगळ्यांत जास्त आकड्याच्या तीन चतुर्थांशाच्या वर असेल, तेल जळत नसेल, तेलाचा दाब चांगला असेल, तर गॅस्केट, टायमिंग चेन आणि वॉटर पंप बदलून थांबा. टायमिंग चेन मात्र बघाच. त्या काळच्या अनेक इंजिनांत कॅमच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या) दातेरी चाकाला नायलॉनचे दात असत. ते ठिसूळ होऊन तुटतात, तेलाच्या ट्रेमध्ये पडतात आणि पंपाची जाळी बुजवतात.

माझ्या इंजिनाचं पूर्ण काम निघालं. ब्लॉक मशिन शॉपला दिला. कोल्हापुरात काकांच्या दुकानी बोअरिंग करणाऱ्याशेजारी उभं राहून मापं बघायची सवय होती, इथेही तेच केलं. तुम्हीही मापं कागदावर लिहून घ्या: बोअर किती मोठा केला, क्रँक किती घासला, बेअरिंग कुठल्या मापाच्या हव्यात. हेड दिलीच आहेत तर एक्झॉस्टच्या व्हॉल्व्ह सीट कडक पोलादाच्या बसवून घ्या. जुन्या सीटना शिशाच्या पेट्रोलचा आधार होता, आणि ते पेट्रोल अमेरिकेत रस्त्यावरच्या गाड्यांसाठी १९९६ पासून बंद आहे.

बांधताना हेडचे बोल्ट तीन टप्प्यांत, मधून बाहेर, शेवटी ६५ ते ७२ फूट-पाउंड. पहिल्यांदा सुरू करण्याआधी डिस्ट्रिब्युटर काढून ड्रिलने तेलाचा पंप फिरवा, म्हणजे सगळीकडे तेल पोचतं. या इंजिनात ड्रिल उलट्या दिशेने फिरवायचं.

नवा कॅम बसवला असेल तर पहिली वीस मिनिटं सगळ्यांत नाजूक. इंजिन सुरू झाल्याबरोबर मिनिटाला २,००० च्या वर फेरे ठेवा, मंद चालू देऊ नका. तेल जस्त असलेलं, म्हणजे जुन्या कॅमसाठी बनवलेलं. साधं आजचं तेल घातलं तर कॅमची टोकं घासून जातात. म्हणून पाणी, पेट्रोल, टायमिंग सगळं आधीच अचूक हवं. पहिल्याच झटक्यात सुरू होईल अशी तयारी करा. गॅरेजचं दार पूर्ण उघडं, अग्निशामक हातात घेतलेला एक माणूस शेजारी. नंतर टायमिंग लाइटने सुरुवातीचं टायमिंग ६ अंशांवर आणा आणि तेल लगेच बदला.

८. वायरिंग

पन्नास-साठ वर्षांचं इन्सुलेशन बोटाने मोडतं. तुकडे जोडत बसू नका, पूर्ण हार्नेस, म्हणजे तारांचा सगळा जुडगा, नवा मिळतो. जुन्याशेजारी जमिनीवर पसरून एकेक टोक जुळवा. इग्निशन कॉइलकडे जाणारी एक तार मुद्दाम विद्युत रोध असलेली, म्हणजे व्होल्टेज कमी करणारी, असते. डिस्ट्रिब्युटरमधले जुने पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन घालणार असाल तर त्या यंत्राला पूर्ण १२ व्होल्ट लागतात का ते आधी वाचा. रंग दिल्यावर दिवे लागत नसतील तर पहिल्यांदा अर्थिंग बघा. नव्या रंगाखाली ते तुटलेलं असतं.

९. चौथा हिवाळा: रंग

रंगाची तयारी घरी करा, रंग बाहेरून मारून घ्या. माझं हे ठाम मत आहे. हल्लीच्या हार्डनर मिसळलेल्या रंगात आयसोसायनेट असतं. साधा कोळशाचा मास्क त्याला पुरत नाही, बाहेरून हवा पुरवणारा मास्क लागतो. एकदा त्याची ॲलर्जी झाली की आयुष्यभर दम्याचा त्रास राहू शकतो. शिवाय आपल्या घरांत पाणी तापवायचा गॅसचा हीटर कित्येकदा गॅरेजातच किंवा त्याच्या भिंतीपलीकडे असतो. थिनरची वाफ आणि हीटरची कायम पेटती छोटी (पायलट) ज्योत एका छताखाली नकोत.

घरी करायचं ते: उघड्या पत्र्यावर इपॉक्सी प्रायमर, त्यावर पातळ लांबी, लांब ब्लॉकवर पॉलिश पेपर ८० पासून सुरू करून ३२० पर्यंत. लांबी पातळच हवी. जाड थर हा पत्रा नीट न ठोकल्याचा पुरावा असतो. जुना रंग आणि छताच्या सांध्यातलं भरण यांत शिसं असू शकतं, म्हणून तिथे ओलं घासा. रंगाआधी फेंडर, बॉनेट, दारं सगळं एकदा बोल्ट लावून बसवून बघा. नवे पत्रे जसेच्या तसे बसत नाहीत. रंगानंतर ग्राइंडर लावावा लागला तर तो रंग गेला.

आतलं काम, म्हणजे सीट, कार्पेट, छताचं कापड, यात अवघड काही नाही. छताचं कापड उन्हाळ्यात बसवा, गरम असलं की ताणलं जातं.

१०. रस्त्यावर काढताना

मिशिगनमध्ये २६ वर्षं किंवा त्याहून जुन्या गाडीला हिस्टॉरिक नंबर प्लेट मिळते. ती स्वस्त आहे, पण गाडी प्रदर्शनं, संचलनं, क्लबचे कार्यक्रम अशासाठीच वापरायची. ऑगस्ट महिन्यात मात्र ती कशासाठीही चालवायला मुभा आहे. रोज कामाला न्यायची असेल तर साधी प्लेट घ्या. इतर राज्यांचे नियम वेगळे. कॅलिफोर्नियात १९७५ आणि त्याआधीच्या पेट्रोल गाड्यांना धुराची तपासणी नाही.

विमा ठरलेल्या किमतीचा घ्या. साध्या विम्यात गाडी जुनी म्हणून कवडीमोल ठरते. ट्रॅव्हर्स सिटीच्या हॅगर्टीसारख्या कंपन्या जुन्या गाड्यांचं हेच काम करतात. बिलं आणि फोटो त्यासाठी जपून ठेवा. गाडी खोललेली असतानाही विमा चालू ठेवा, आग गॅरेजातच लागते.

खर्चाचं लोक विचारतात म्हणून माझा हिशोब देतो. गाडी ९ हजार डॉलरला घेतली. वर १२ हजार लागतील असं धरलं होतं, लागले २१ हजार. फरकातला मोठा वाटा काऊल आणि फ्लोअरचा, जो मी विकत घेताना पाहिला नव्हता.

पहिली फेरी घराभोवतीच, ताशी २५ मैलांच्या आत. सोबत पाने, पाण्याचा कॅन, फ्यूज, अग्निशामक. परत आल्यावर गाडीखाली पुठ्ठा टाका आणि सकाळी डाग बघा: लाल असेल तर ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल, हिरवट असेल तर रेडिएटर, चाकाच्या आतल्या बाजूला पारदर्शक ओल असेल तर ब्रेक, आणि मग गाडी तिथेच थांबवायची. ५० मैलांनंतर चाकांचे नट आणि मागच्या पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) यू-बोल्ट पुन्हा आवळा. ५०० मैलांनंतर तेल बदला आणि जुनं तेल कापडातून गाळून बघा. वुडवर्डच्या गर्दीत गाडी तासन्‌तास पावलापावलाने चालते, तेव्हा तिथे न्यायच्या आधी एका गरम दिवशी घरासमोर अर्धा तास जागेवर चालू ठेवून तापमानाचा काटा कुठे थांबतो ते बघून घ्या.